ट्रिमकामासाठी फिनिश नेलरची निवड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील पथक लहान होते. स्वतः हातात अवजार धरणारा ठेकेदार, त्याच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले एक मिस्त्री आणि दोन मदतनीस, एवढीच माणसे त्यात होती. काम एका दुमजली, राहत्या घरातले होते: दारांच्या चौकटींभोवती आर्किट्रेव्हच्या पट्ट्या, सर्व खोल्यांत स्कर्टिंग आणि दोन मोठ्या खोल्यांत छताला लागून कॉर्निस. घराच्या बहुतेक भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड लावून उभ्या केलेल्या होत्या. तळमजल्यावरची एक लांब भिंत मात्र विटांची आणि गिलाव्याची होती. ट्रिमसाठी, म्हणजे या साऱ्या कडपट्ट्यांसाठी, बहुतांश ठिकाणी १८ मि.मी. जाडीचा, आधीच प्रायमर लावलेला एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) वापरला होता आणि दोन खोल्यांत पारदर्शक पॉलिश करायचे असलेले सलग कठीण लाकूड होते. व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे आणि ठिकाण वगळले आहे.

पथकाकडे १८ गेजची (गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचा क्रमांक) ब्रॅड गन, म्हणजे ब्रॅड नावाचे बारीक खिळे हवेच्या दाबाने मारणारी गन होती, तिच्यासोबत एक लहान कॉम्प्रेसर होता, आणि जिथे गन पोहोचत नाही तिथे हातोडी व पंच. ब्रॅड गनमध्ये जास्तीत जास्त ५० मि.मी. लांबीचा खिळा बसत असे. मिस्त्रींचा हातोडीवरचा हात इतका सफाईदार होता की कित्येक वर्षे याहून मोठ्या गनची गरजच कुणाला वाटली नव्हती. हा तपशील पुढच्या साऱ्या घटनांना लागू पडतो: हातोडीने काम करताना मिस्त्री प्रत्येक जागी लांब खिळा वापरत आणि तो आत काय लागला हे हाताला जाणवत असे, गन आल्यावर खिळा आखूड झाला आणि ती जाणीवही गेली.

समस्या

काम संपून घरमालकांच्या ताब्यात गेल्यानंतर काही आठवड्यांतच तक्रारी आल्या. अनेक खोल्यांत स्कर्टिंगची वरची कड भिंतीपासून सुटून बारीक फट दिसू लागली होती. दोन दारांच्या आर्किट्रेव्हची बाहेरची कड हाताने दाबली की आत जात होती आणि सोडली की पुन्हा बाहेर येत होती. एका ठिकाणी ४५ अंशांत कापलेला कोपऱ्याचा सांधा उघडला होता. कॉर्निस मात्र जागच्या जागी होती.

ठेकेदाराचा निष्कर्ष ठरलेला होता: ब्रॅड गन कमजोर आहे, म्हणून १५ गेजची फिनिश नेलर, म्हणजे ट्रिमसाठीच पण अधिक जाड खिळे मारणारी गन, घ्यायची आणि सर्व ट्रिम नव्याने ठोकायची. जाड खिळा म्हणजे मजबूत पकड, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ते अपुरे होते, आणि अशा अपुऱ्या कारणावर महागडे अवजार घेण्याची घाई या व्यवसायात फार वेळा होते. खरेदीच्या आधी त्याने माझे मत विचारले, त्यामुळे पुढचे निर्णय मला जवळून पाहता आले.

पहिला निर्णय : गन घेण्याआधी ट्रिम उघडून पाहणे

मी सुचवलेली पहिली गोष्ट म्हणजे सुटलेल्या स्कर्टिंगचे काही तुकडे काळजीपूर्वक काढून मागे काय घडले आहे ते पाहावे. ठेकेदाराला हा वेळेचा अपव्यय वाटला, कारण दोष कशात आहे हे त्याच्या मते त्याला ठाऊक होते. मिस्त्रींनी मात्र पटकन पटाशी उचलली.

काढलेल्या तुकड्यांच्या मागून तीन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. पहिली, वरच्या रांगेतले बहुतेक खिळे सांगाड्याच्या उभ्या लाकडात, म्हणजे स्टडमध्ये, गेलेच नव्हते. ते नुसत्या जिप्सम बोर्डात टोचलेले होते. सांगाड्यातील उभी लाकडे साधारणपणे ४०० किंवा ६०० मि.मी. अंतरावर असतात आणि गन चालवणाऱ्या मदतनिसाने त्यांची जागा न शोधता समान अंतरावर खिळे मारत नेले होते. दुसरी, खालच्या रांगेतले खिळे सांगाड्याच्या आडव्या तळपट्टीत बसायला हवे होते, पण ती पट्टी साधारण ३८ मि.मी. उंच असते आणि जमिनीचा नवा थर सुमारे १५ मि.मी. जाडीचा होता, म्हणजे खिळ्याला लागण्याजोगी उंची जेमतेम २३ मि.मी. उरली होती आणि काही खिळे तिच्यावरून निघून गेले होते. तिसरी, जे खिळे योग्य जागी लाकडात लागले होते, त्यांचाही आत गेलेला भाग फार कमी होता.

या तिन्हींपैकी पहिल्या दोन बाबींचा गनच्या निवडीशी काहीही संबंध नव्हता. १५ गेजचा सर्वांत लांब खिळासुद्धा पोकळ जागेत मारला तर तो पोकळ जागेतच राहतो. हे त्या क्षणी ठेकेदाराला दिसले आणि चर्चेचा रोख बदलला, म्हणून या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी यालाच मानतो. पुढे कोणती गन घेतली याला नाही.

तिसऱ्या बाबीचा हिशेब

तिसरी बाब मात्र थेट खिळ्याच्या लांबीशी जोडलेली होती आणि तिच्यातूनच गनची निवड ठरली. ट्रिमची जाडी १८ मि.मी., तिच्यामागे जिप्सम बोर्ड १२.५ मि.मी.; म्हणजे लाकडापर्यंत पोहोचायलाच खिळ्याचे ३०.५ मि.मी. खर्ची पडतात. ५० मि.मी.चा ब्रॅड घेतला तर प्रत्यक्ष लाकडात १९.५ मि.मी. उरतात. पट्टीच्या जाडीच्या अडीच ते तीनपट लांब खिळा घ्यावा, हा कारागिरांचा जुना ठोकताळा पट्टी थेट लाकडावर बसत असेल तेव्हा चांगला चालतो. मधे बोर्ड आला की तो फसवतो. १८ मि.मी.च्या पट्टीला ५० मि.मी.चा खिळा या ठोकताळ्यात बसतो, आणि नेमके तसेच समजून ब्रॅड वापरले गेले होते.

खिळ्याची सरळ बाहेर ओढली जाण्याविरुद्धची पकड, तो तंतूंना आडवा लाकडात गेला असेल तेव्हा, ढोबळमानाने तीन गोष्टींवर अवलंबून असते: खिळ्याचा व्यास, लाकडात गेलेली लांबी आणि लाकडाची घनता. पहिल्या दोन्हींच्या ती सरळ प्रमाणात वाढते. घनतेच्या मात्र अडीचाव्या घाताच्या प्रमाणात, म्हणजे मागचे लाकूड २० टक्के अधिक घन असेल तर पकड दीडपटीहून अधिक होते. मागचे लाकूड आपल्या हातात नसते, म्हणून व्यास आणि लांबी यांचाच विचार करावा लागतो.

गेजचा आकडा जसा लहान होतो तसा खिळा जाड होतो. १८ गेजचा ब्रॅड सुमारे १.२ मि.मी., १६ गेजचा खिळा सुमारे १.६ मि.मी. आणि १५ गेजचा सुमारे १.८ मि.मी. असतो. १६ आणि १५ गेजच्या नेलरमध्ये साधारणपणे ६४ मि.मी.पर्यंत लांबीचे खिळे बसतात. ५० मि.मी.च्या ब्रॅडऐवजी ५७ मि.मी.चा १६ गेजचा खिळा घेतला, तर लाकडात गेलेली लांबी १९.५ वरून २६.५ मि.मी.वर जाते. व्यासामुळे पकड सुमारे एक तृतीयांशाने वाढते, लांबीमुळे आणखी साधारण तितकीच, आणि दोन्ही मिळून ती जवळपास पावणेदोन ते दोन पटींच्या दरम्यान पोहोचते. त्याउलट लांबी तीच ठेवून १६ वरून १५ गेजवर गेल्यास वाढ होते ती सुमारे एक सप्तमांश. ठेकेदाराच्या मनात असलेली सारी उडी गेजची होती. हिशेब सांगत होता की निम्मे काम लांबी करते आणि १८ ते १६ ही पायरी १६ ते १५ या पायरीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

या हिशेबाला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे योग्य नाही. ट्रिम नेहमीच खिळा लाकडातून उपसून सुटत नाही. कधीकधी खिळा लाकडात घट्ट राहतो आणि पट्टीच त्याच्या बारीक डोक्यावरून बाहेर ओढली जाते. १८ गेजच्या ब्रॅडचे डोके फार लहान असते आणि एमडीएफसारख्या, सलग लांब तंतू नसलेल्या फळीत हा धोका वाढतो. १६ आणि १५ गेजची डोकी तुलनेने मोठी असल्याने याही अंगाने ती सरस ठरतात.

लांबीची वरची मर्यादा

मग थेट ६४ मि.मी.चाच खिळा का नको, असा प्रश्न मिस्त्रींनी विचारला आणि तो रास्त होता. तो खिळा लाकडात ३३.५ मि.मी. जातो. लाकडी सांगाड्यातून विजेच्या तारा ओढताना उभ्या लाकडांच्या मधोमध भोके पाडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत अशा भोकाची कड लाकडाच्या जवळच्या कडेपासून किमान ३२ मि.मी. आत असावी, नाहीतर तिच्यासमोर पोलादी संरक्षक पट्टी लावावी, असे कलम आहे. हे घर त्या संहितेखाली येत होते असे नाही, पण कसोटी म्हणून तो आकडा उपयोगी पडतो: इतक्या काटेकोर नियमाने बांधलेल्या भिंतीतही ६४ मि.मी.चा खिळा सुरक्षित पट्ट्याच्या दीड मि.मी. पलीकडे पोहोचतो, आणि जिथे तारा कशा ओढल्या आहेत याची खात्रीच नाही तिथे तर त्याचा भरवसा आणखी कमी. म्हणून सर्वसाधारण वापरासाठी ५७ मि.मी. आणि जिथे मागे फक्त सलग लाकूड आहे हे नक्की दिसते तिथेच ६४ मि.मी., असे ठरले. ५७ मि.मी.चे खिळे सगळीकडे सहज मिळत नाहीत. पथकाने ते आधीच पुरेसे मागवून ठेवले. स्विचच्या खालच्या आणि पाण्याच्या नळ्या जाणाऱ्या भिंतींवर मात्र तारशोधक यंत्र फिरवून पाहिल्याशिवाय एकही खिळा मारायचा नाही, हा नियम लांबी कितीही असली तरी लागू राहिला.

विचारात घेतलेले पर्याय : गेज

१५ गेजच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी खऱ्या होत्या. या नेलरचे मॅगझिन, म्हणजे खिळ्यांची पट्टी बसते तो भाग, तिरके असते, त्यामुळे तिचे तोंड खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या खाचेत आणि कॉर्निसच्या वरच्या कडेला सरळ मॅगझिनच्या गनपेक्षा सहज शिरते. खिळा जाड असल्याने वजनदार दाराची चौकट बसवताना तो वाकत नाही. पण तिच्या खिळ्यांच्या तिरक्या पट्ट्यांचे दोन प्रकार प्रचलित आहेत, एक सुमारे ३४ अंशांचा, ज्याला डीए म्हणतात, आणि दुसरा सुमारे २५ अंशांचा, ज्याला एफएन म्हणतात. एकाची पट्टी दुसऱ्याच्या गनमध्ये बसत नाही. गन घेताना हे लक्षात न घेतल्यास अर्ध्या कामात खिळे संपले की गन टांगून ठेवावी लागते.

१६ गेजच्या खिळ्यांची पट्टी बहुतेक गनमध्ये सरळ असते आणि एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या गनमध्ये सहसा चालते. भोक १५ गेजपेक्षा लहान पडते, पुट्टी कमी लागते, आणि पट्टीच्या टोकाजवळ फुटण्याचा धोकाही थोडा कमी होतो. तिची उणीव म्हणजे सरळ मॅगझिनमुळे अगदी आतल्या कोपऱ्यात गन आडवी धरावी लागते.

१८ गेजची ब्रॅड गन टाकून द्यायची का, हा प्रश्न वेगळा होता. आर्किट्रेव्हची आतली कड चौकटीच्या लाकडावर थेट बसते. तिथे मधे बोर्ड नसतो, पट्टीची कड पातळ असते आणि जाड खिळा ती फाडतो. त्या कडेला ३० किंवा ३५ मि.मी.चा ब्रॅड हाच योग्य खिळा आहे. मुळातली ब्रॅड गन निकामी नव्हती. तिला तिच्या जागेबाहेर वापरले गेले होते. म्हणून आर्किट्रेव्हची आतली कड १८ गेजने आणि बाहेरची कड, जी बोर्डावरून स्टडपर्यंत पोहोचायला हवी, १६ गेजने, अशी कामाची विभागणी ठरली.

२३ गेजची पिन गन, जिचा खिळा जेमतेम ०.६ मि.मी.चा आणि बिनडोक्याचा असतो, तिचाही विचार झाला. ती पकडण्यासाठी नसून सरस वाळेपर्यंत धरून ठेवण्यासाठी असते. पट्टीचे छोटे वळते तुकडे जोडायला ती उत्तम, पण एवढ्या एका गरजेसाठी ती विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावी असे ठरले.

दाराच्या चौकटींचा मुद्दा ठेकेदाराला सतावत राहिला, कारण १५ गेजचा त्याचा मूळ हट्ट तिथूनच आला होता. त्यावर मिस्त्रींनी सुचवलेला उपाय मला अधिक पटला: चौकट जागेवर धरण्यासाठी पाचरी आणि १६ गेजचे खिळे पुरतात, दाराचा भार मात्र खिळ्यांवर सोपवूच नये, बिजागरीच्या आतल्या भोकांतून एक लांब स्क्रू थेट स्टडपर्यंत न्यावा. दार रोज उघडते-मिटते आणि खिळ्यांवर येणारा तो सततचा ओढा स्क्रूने सहज पेलला जातो.

विचारात घेतलेले पर्याय : हवा, गॅस की बॅटरी

येथे ठेकेदाराचा ओढा बॅटरीकडे होता आणि त्यामागे ठोस कारण होते. घर राहते होते, खोल्या आवरलेल्या होत्या, आणि हवेची नळी ओढत नेणे तसेच कॉम्प्रेसरचा आवाज हे दोन्ही रहिवाशांना त्रासाचे. बॅटरीवरच्या नेलरमध्ये काही चाकाच्या गतीवर चालतात, काहींमध्ये दाबलेल्या वायूचे बंद नळकांडे असते. पहिल्यांना चाक फिरू लागेपर्यंत क्षणभर थांबावे लागते, दुसऱ्या ट्रिगर ओढताच मारतात. गॅसच्या डब्यावर चालणाऱ्या नेलरलाही एक लहान बॅटरी लागते, डब्यांना वापराची मुदत असते, थंडीत अशी गन नीट चालत नाही, आतला भाग वरचेवर स्वच्छ करावा लागतो आणि बंद खोलीत वास राहतो. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

हवा आणि बॅटरी यांच्यातला निर्णय कॉर्निसने केला. या घरात ती पक्की होती, पण अशा पट्ट्या एरवी डोक्यावर हात उंचावून, शिडीवर उभे राहून ठोकाव्या लागतात. हवेवर चालणारी १६ गेजची नेलर साधारणपणे २ किलोच्या आत असते आणि बॅटरीसकट चालणारी ३ किलोच्या आसपास जाते. मिस्त्रींचा खांदा पूर्वीपासून दुखत होता. शिवाय कॉम्प्रेसर पथकाकडे होताच, आणि फिनिश नेलर हवा फार कमी खाते, त्यामुळे त्या लहान यंत्रावरही ती सहज चालते. हवेवर चालणारी १६ गेजची नेलर घेतली गेली. कॉम्प्रेसर व्हरांड्यात ठेवून लांब नळी आत आणली. ज्या पथकाला घरोघरी जाऊन दोन-चार खिळ्यांच्या दुरुस्त्या करायच्या असतात, त्याला मी हाच निर्णय सुचवणार नाही. तिथे बॅटरी निःसंशय सोयीची.

कृती

काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीवरील स्टडच्या जागा शोधून रंगकामाच्या चिकटपट्टीवर खुणा केल्या. खालच्या रांगेसाठी जमिनीपासून खिळ्याची उंची तळपट्टीच्या मधोमध येईल अशी एक लाकडी मापपट्टी केली, म्हणजे मदतनिसाला प्रत्येक वेळी मोजावे लागू नये. हे अगदी साधे काम होते आणि साऱ्या दुरुस्तीत सर्वाधिक फायदा याचाच झाला, असे मिस्त्री आजही सांगतात.

गनचा ट्रिगर क्रमवार ठेवला. या पद्धतीत आधी गनचे तोंड लाकडावर दाबायचे आणि मग ट्रिगर ओढायचा; प्रत्येक खिळ्यासाठी ही क्रिया नव्याने करावी लागते. ट्रिगर धरून ठेवून तोंड ठोकत जाण्याची दुसरी पद्धत वेगवान आहे, पण ट्रिममध्ये वेगाचा उपयोग नसतो, आणि गनच्या धक्क्याने तोंड पुन्हा टेकले की दुसरा खिळा नको तिथे जातो. ठेकेदाराने वेगाचा आग्रह धरला होता. पट्टीच्या तुकड्यांवर दोन्ही पद्धतींनी ठोकून पाहिल्यावर त्याने तो स्वतःच सोडला.

खिळ्याची खोली तोंडाजवळच्या चाकाने बदलता येते. टाकाऊ तुकड्यांवर सराव करून डोके पृष्ठभागाच्या साधारण दीड ते दोन मि.मी. आत जाईल अशी ती ठेवली, आणि हवेचा दाब ६ बारच्या आसपास स्थिर केला. नळी बदलली की हा सराव पुन्हा करायचा, कारण लांब नळीत दाब थोडा पडतो आणि पहिला परिणाम खिळ्याच्या खोलीवरच दिसतो.

मदतनिसांना शिकवताना दोन गोष्टींवर विशेष भर दिला. फिनिश खिळ्याचे टोक छिन्नीसारखे असते, त्यामुळे गाठ किंवा कठीण तंतू लागला की खिळा सहसा गनच्या डाव्या-उजव्या बाजूला वळतो. म्हणून मॅगझिन पट्टीच्या लांबीला आडवे धरावे, म्हणजे वळलेला खिळा पट्टीच्या लांबीतच राहतो, तिच्या दर्शनी बाजूतून बाहेर येत नाही. आणि पट्टी धरलेला हात खिळ्याच्या लांबीपेक्षा जास्त दूर असावा, हा नियम कुठल्याही घाईत मोडायचा नाही. सरावातच एका तुकड्यातून खिळा बाजूने बाहेर आला, तेव्हा सर्वांना तो आपोआप पटला. खिळा अडकला तर आधी हवेची नळी काढायची, मग तोंड उघडायचे. डोळ्यांना चष्मा आणि कानांना आवरण प्रत्येकाला अनिवार्य केले.

विटांच्या भिंतीवर वेगळा मार्ग घ्यावा लागला. फिनिश नेलरचा खिळा गिलाव्यात वाकतो किंवा गिलावाच सुटतो. काँक्रीटमध्ये कडक केलेले १४ गेजचे खिळे मारणाऱ्या एसटी गनचा पर्याय चर्चेत आला, पण तिने गिलाव्याला तडे जाण्याची भीती होती आणि तिच्या खिळ्यांची डोकी ट्रिममध्ये लपवणे कठीण असते. तिथे रावळ प्लग आणि स्क्रू वापरले, स्क्रूंची डोकी लाकडी बुचांनी झाकली, आणि भिंत जिथे आत-बाहेर होती तिथे स्क्रू आवळून स्कर्टिंग भिंतीला ओढून घेता आली, जे नेलरने शक्यच नव्हते.

मधल्या अडचणी

पहिल्या दिवसांतच एमडीएफच्या पट्टीवर प्रत्येक भोकाभोवती बारीक फुगवटा दिसू लागला. एमडीएफचे थर खिळा आत जाताना वर उचलले जातात. पुट्टी भरण्याआधी धारदार पात्याने तो फुगवटा कापून किंवा हलकेच घासून सपाट करावा लागतो. पट्टीच्या टोकापासून ५० मि.मी.च्या आत खिळा न मारण्याचा नियमही तेव्हाच घातला, आणि जिथे मारणे टळत नव्हते तिथे आधी बारीक भोक पाडले.

दुसरी अडचण अधिक त्रासाची ठरली. गनमध्ये रोज सकाळी तेलाचे थेंब टाकले जात आणि पहिल्या काही फटक्यांबरोबर बाहेर पडणाऱ्या हवेतून ते प्रायमरवर शिंतोडे उडवत. पाण्याच्या रंगाला त्या ठिपक्यांवर धरता आले नाही. यापुढे तेल टाकल्यावर पहिले फटके टाकाऊ लाकडावर मारायचे आणि गनमधली हवा बाहेर सोडणारे फिरते तोंड पट्टीपासून दूर वळवायचे, असे ठरले. डागाळलेल्या पट्ट्या स्पिरिटने पुसून पुन्हा प्रायमर द्यावा लागला.

पारदर्शक पॉलिशच्या कठीण लाकडावर १६ गेजचे भोक डोळ्यांत भरत होते. रंगाखाली लपणारी पुट्टी तिथे लपत नाही. मिस्त्रींनी त्या दोन खोल्यांत पट्टीच्या नक्षीच्या खाचेत, जिथे सावली पडते, तिथेच खिळे घेतले आणि बाकी जागी सरस व भाड्याने आणलेल्या पिन गनची जोड दिली. मला ही त्या कामातली सर्वांत देखणी जागा वाटते.

निष्पत्ती

दुरुस्तीनंतर एक दमट आणि एक कोरडा ऋतू उलटला आहे. एमडीएफ स्कर्टिंगच्या वरच्या कडेला फट पुन्हा दिसलेली नाही आणि आर्किट्रेव्हच्या बाहेरच्या कडा दाबल्यावर हलत नाहीत. विटांच्या भिंतीवरचे कामही टिकले आहे. कठीण लाकडातला एक कोपऱ्याचा सांधा कोरड्या दिवसांत केसभर उघडला. त्याचे कारण लाकडाचे आकसणे हे आहे आणि कोणत्याही गेजचा खिळा ते रोखू शकत नाही. लाकूड बसवण्याआधी त्याला त्या खोल्यांच्या हवेत काही दिवस पडू द्यायला हवे होते, आणि ते या वेळीही झाले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

गनची खरेदी पुढे ढकलून काही दिवसांसाठी भाड्याने १६ आणि १५ गेजच्या दोन्ही गन आणल्या असत्या तर कागदावरचा हिशेब हातानेही पडताळून पाहता आला असता. विशेषतः कोपऱ्यांमध्ये सरळ मॅगझिनचा त्रास किती होतो हे गन विकत घेतल्यावरच कळले. त्या जागांवर शेवटी हातोडी आणि पंचच वापरावे लागले.

स्टडच्या खुणा रंगकाम होण्याआधी, शक्य असेल तर बोर्ड बसवतानाच जमिनीवर केल्या असत्या तर शोधयंत्र फिरवण्याचा मोठा वेळ वाचला असता. हे सुतारांच्या नव्हे तर सांगाडा उभारणाऱ्यांच्या हातातले काम आहे. ठेकेदाराने पुढच्या कामांसाठी ते लेखी मागणीतच घालायचे ठरवले आहे.

तिसरा मुद्दा मदतनिसांच्या शिक्षणाचा. गन हातात देताना त्यांना ट्रिगर आणि मॅगझिन समजावले गेले होते; खिळा कशात लागायला हवा हे समजावले गेले नव्हते. गनचा आवाज प्रत्येक वेळी सारखाच येतो, खिळा स्टडमध्ये गेला तरी आणि पोकळीत गेला तरी. आता प्रत्येक नव्या खोलीत पहिले काही खिळे मारल्यावर मदतनीस पट्टी हाताने ओढून पाहतो आणि मिस्त्रींना दाखवतो, मगच पुढे जातो.

१५ गेजचा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. पथकाच्या हाती आलेल्या पुढच्या कामात बाहेरच्या दारांच्या जाड लाकडी चौकटी आहेत, आणि तिथे स्क्रूसोबत जाड खिळ्याचा आधार खरोखर लागेल की नाही हे भाड्याच्या गनने दोन चौकटी बसवून पाहिल्यावर ठरेल. त्याआधी परिसरात डीए आणि एफएन यांपैकी कोणत्या पट्ट्या वर्षभर मिळतात याची चौकशी मिस्त्रींनी सुरू केली आहे.